झोपेच्या औषधाखाली खोकला येत नाही, यावरून काय कळतं?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, रत्नागिरीजवळच्या गावात राहतात. भातलावणी आटोपल्यावर ताप आला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) निघाला, फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही धरली. तीन दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, झोपेचं मिडाझोलम आणि वेदनेचं फेंटानिल चालू आहे, एकदा डायलिसिस झालं. काल राउंडला डॉक्टर म्हणाले, "सक्शनला खोकला येत नाही, मान फिरवली तर डोळे हलत नाहीत, हे मला बरं वाटत नाही." मुलगी मुंबईहून विचारते आहे : औषध देऊन झोपवलंय, तर खोकला येणारच कसा? आणि एवढ्यावरून माणूस वाचणार की नाही, हे सांगता येतं का?

मी बावीस वर्षं कोकणातच आयसीयू सांभाळतो आहे. तुमची शंका रास्त आहे, पण तुमच्या डॉक्टरांचं म्हणणंही वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. मला विचाराल तर काल जे सांगितलं ते भाकीत नव्हतं, धोक्याचा इशारा होता. इशारा ऐकून आधी कारण शोधायचं असतं. निकाल लावायची घाई करायची नसते.

झोपेचं औषध मेंदूला सगळीकडे एकाच वेळी झोपवत नाही. वरचा मेंदू, म्हणजे जाणीव, ओळख, भीती, आठवण, हा भाग लवकर मिटतो. खाली ब्रेनस्टेम असतो. मेंदूचा देठच म्हणा, अंगठ्याएवढा जाड, पण श्वास, रक्तदाब, जाग या सगळ्याची सूत्रं तिथे. नेहमीच्या डोसमध्ये हा देठ मंदावतो, पण सहसा सगळाच्या सगळा गप्प होत नाही. त्यामुळे चांगला झोपवलेला रुग्णसुद्धा सक्शनची, म्हणजे कफ ओढून काढायची नळी आत गेली की खोकतो, टॉर्च मारला की त्याच्या डोळ्यातली बाहुली आकसते. या अनैच्छिक प्रतिसादांना आम्ही रिफ्लेक्स म्हणतो. प्रत्येक रिफ्लेक्सचा रस्ता देठाच्या वेगळ्या मजल्यावरून जातो. बाहुलीचा सगळ्यात वरून, डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटण्याचा मधून, खोकल्याचा सगळ्यात खालून. म्हणून कोणता गेला आणि कोणता शिल्लक आहे, यालाही अर्थ असतो.

खोकला बघायचा म्हणजे काय करतात ते सांगतो, कारण नातेवाइकांना त्या वेळी बाहेर काढलेलं असतं. सिस्टर श्वासनळीतल्या ट्यूबमधून बारीक सक्शन कॅथेटर आत सरकवते. कॅथेटरचं टोक श्वासनळी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे टेकलं की जिवंत देठ गप्प बसत नाही. तोंडात ट्यूब असल्यामुळे आवाज येत नाही, म्हणून नवखे डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघत बसतात आणि चुकतात. मी पोटाकडे बघतो. पोटाचे स्नायू खसकन आत ओढले जातात, खांदे किंचित उचलले जातात आणि व्हेंटिलेटर प्रेशरचा अलार्म देतो. झाला खोकला. कधी तो इतका क्षीण असतो की फक्त बेंबीजवळची चादर हलते. तरीही तो खोकलाच, आणि केसपेपरवर "क्षीण, पण आहे" असं लिहायचं असतं. बरेच जण सरळ "नाही" लिहून मोकळे होतात.

मान फिरवून डोळे बघण्याच्या तपासणीला इंग्रजीत बाहुलीच्या डोळ्यांचं नाव आहे. आपल्या भाषेत डोळ्यातल्या काळ्या वर्तुळालाही बाहुलीच म्हणतात, त्यामुळे नव्या सिस्टरना शिकवताना हमखास गोंधळ होतो. मी त्यांना सावंतवाडीच्या लाकडी बाहुल्या आठवायला सांगतो. त्यांचे डोळे रंगवलेले असतात, मान उजवीकडे वळवली की डोळेही उजवीकडेच जातात. बेशुद्ध माणसाचा देठ काम करत असेल तर उलटं होतं. मान उजवीकडे वळवा, डोळे मागे रेंगाळून डावीकडे जातात, जणू छतावरचा पंखा धरून ठेवलाय. डोळे सावंतवाडीच्या बाहुलीसारखे वागले, तर रिफ्लेक्स नाही. एक ताकीद : आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून पडलेल्या रुग्णाची मान अशी फिरवायची नाही. मणका सुटलेला असेल तर तपासणी करणाराच त्याला कायमचा पांगळा करेल. अशा वेळी कानाचा पडदा शाबूत आहे याची खात्री करून कानात थंड पाणी सोडतात आणि डोळे त्या कानाकडे सरकतात का ते बघतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. झोपवलेल्या रुग्णात या तपासण्यांना किंमत आहे का, हे फ्रान्समधल्या तारेक शरशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. त्यांचं काम २०११ साली प्रसिद्ध झालं. मेंदूला थेट इजा नसलेले, पण इतर गंभीर आजारांमुळे व्हेंटिलेटरवर असलेले आणि मिडाझोलमवर खोल झोपवलेले रुग्ण त्यांनी घेतले. आधी ७२, मग निष्कर्ष पडताळून बघायला आणखी ७२. औषध सुरू झाल्यापासून १२ ते २४ तासांच्या आत सगळे रिफ्लेक्स तपासले. दोन गोष्टी वर आल्या. ज्यांना खोकला नव्हता त्यांच्यात २८ दिवसांच्या आत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. आणि मान फिरवल्यावर ज्यांचे डोळे हलत नव्हते ते औषध थांबवल्यावर गोंधळलेले, भ्रमात असण्याची शक्यता जास्त होती. पुढे २०१७ मध्ये या रिफ्लेक्सवरून शून्य ते सात असा एक गुणांकही तयार झाला.

खोकल्याचा आणि मृत्यूचा संबंध का असावा? खोकल्याचं केंद्र देठाच्या ज्या भागात आहे, त्याच्या शेजारीच रक्तदाब आणि श्वास सांभाळणारी केंद्रं आहेत. व्हेगस नावाची नस तिथूनच निघते आणि शरीरातली सूज आवरण्यातही तिचा हात असतो. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर पेटतं तेव्हा, हा भागही मंदावतो असा अंदाज आहे. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. ज्याचा खोकला जातो, त्याचा रक्तदाब नॉरअ‍ॅड्रेनलिन हे बीपी चढवायचं औषध वाढवूनही सावरत नाही, असं बऱ्याचदा बघितलं आहे. मात्र हे निरीक्षण आहे, नियम नव्हे.

या कामातून तुमच्या वडिलांबद्दल काय निघतं? मी तरी हात राखूनच बोलेन. १४४ ही संख्या लहान. रुग्णांच्या एका गटात मृत्यू जास्त झाले याचा अर्थ त्या गटातला प्रत्येक जण दगावतो असा होत नाही. खोकला नसलेलेही घरी जातात. तिकडची तपासणी पहिल्या दिवसाची होती, तुमची तिसऱ्या दिवसाची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वडिलांची मूत्रपिंडं बंद आहेत.

इथे जरा थांबतो, कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत गाठ बहुधा इथेच आहे. मिडाझोलम यकृतात मोडतं. मोडल्यावर जो भाग उरतो तोही झोप आणणाराच असतो, आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. लघवीच होत नसेल तर तो साठत जातो. पंपावर आकडा तोच दिसतो, पण तिसऱ्या दिवशी अंगातला खरा डोस पहिल्या दिवसाच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. असे रुग्ण औषध बंद केल्यावरही दोन-दोन, तीन-तीन दिवस उठत नाहीत. लेप्टोमध्ये तर कावीळही असते, म्हणजे मोडायचा कारखानाही मंद. वर फेंटानिल. ते वेदनेचं औषध, पण खोकला दाबणं हा त्याचा स्वभावच आहे. दर पावसाळ्यात असे दोन-चार रुग्ण मला भेटतात, आणि दर वेळी कुणीतरी धाकटा डॉक्टर मध्यरात्री फोन करून सांगतो, "सर, रिफ्लेक्स गेले." मी विचारतो, "युरिन आउटपुट किती?" पलीकडे शांतता.

दुसरी गाठ वाटेवरची. आपल्याकडे रुग्ण एका जागी राहत नाही. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, सावंतवाडीहून खाली गोव्याला बांबोळी. घाटातल्या वळणांवर ट्यूब निघू नये म्हणून अ‍ॅम्ब्युलन्समधले डॉक्टर व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम देतात. त्यात चूक काही नाही. पण हे औषध झोपेचं नाही, स्नायू लुळे करायचं आहे. ते अंगात असेपर्यंत खोकला नाही, पापणी नाही, मान फिरवल्यावर डोळे नाहीत, काही नाही. चालते ती फक्त बाहुली, कारण तिचा स्नायू वेगळ्या जातीचा. माझ्याकडे एकदा असाच एक रुग्ण आला. रेफरल चिठ्ठीवर तारीख, बीपी, शुगर सगळं होतं, हे इंजेक्शन मात्र नव्हतं. आम्ही तपासलं, काहीच रिफ्लेक्स नाहीत, आणि मी त्याच्या बायकोला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगून बसलो. ती म्हणाली, "डॉक्टरानू, माझो घोव बरो होतलो मां?" मी मान खाली घातली. तासाभराने सिस्टरने सक्शन केलं आणि तो उसळून खोकला. मूत्रपिंडं त्याचीही गेलेली, म्हणून औषध उतरायला इतका वेळ लागला. तो वाचला. त्या बाईंनी मला माफ केलं की नाही, माहीत नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : घाट चढून-उतरून आलेल्या रुग्णाच्या मनगटाशी हलका विद्युत झटका देऊन अंगठा हलतो का ते बघायचं, आणि तो हलल्याशिवाय रिफ्लेक्सबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ते यंत्र नसेल तर थांबायचं.

याहून मोठी फसगत मण्यार करते. मण्यारीचा दंश पावसाळ्यात, रात्री जमिनीवर झोपलेल्याला होतो. खूण अनेकदा दिसत नाही, पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. विष नस आणि स्नायू यांच्यातला निरोपच तोडतं, आणि ते बाहुलीलाही सोडत नाही. बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला ढिम्म. खोकला नाही, डोळे स्थिर. बघणाऱ्याला वाटतं मेंदू संपला. आणि आत तो माणूस पूर्ण जागा असतो, सगळं ऐकत असतो. मी शिकाऊ असताना असा एक तरुण आमच्याकडे होता आणि मी त्याच्या खाटेशी उभा राहून "काही राहिलं नाही" असं बोललो होतो. आमचे सर ओरडले नाहीत. त्याच्या कानाशी वाकून त्याला म्हणाले, "हा पोरगा नवीन आहे, त्याचं ऐकू नकोस. तू दोन-तीन दिवसांत हात हलवशील." तिसऱ्या दिवशी करंगळी हलली. घरी जाताना त्याने मला माझं वाक्य शब्दशः ऐकवलं. मण्यारीच्या रुग्णाला झोपेचं औषध द्यायचं ते याचसाठी : तो जागा असतो म्हणून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि साप यांच्यावर आयुष्य घालवलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते कोकणातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं. पण मण्यारीचा रुग्ण समोर आडवा असतो तेव्हा घाबरून हात-पाय गळणारे आजही आहेत.

बारीकसारीक फसगती आणखी आहेत, त्या पटकन सांगतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली वाकडी असू शकते आणि प्रकाशाला नीट हलत नाही. मास्कमधून दिलेल्या नेब्युलायझरच्या औषधाचा फवारा एका डोळ्यात गेला तर तेवढीच बाहुली मोठी होते आणि सगळ्यांची धावपळ उडते. फेंटानिलखाली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तिचं आकसणं साध्या डोळ्याला दिसतच नाही, भिंग घ्यावं लागतं. भाताच्या खाचरात कीटकनाशक पोटात गेलेल्याचंही तसंच. मोबाइलच्या टॉर्चवर मी भरवसा ठेवत नाही. आधी खोलीतले दिवे मंद करायचे, मग अरुंद झोताचा टॉर्च.

समुद्रातून काढलेला, किंवा हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला रुग्ण ही गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्यामुळे इजा झालेली असते आणि रिफ्लेक्सला वजन जास्त असतं. पण तिथेही युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की किमान ७२ तास थांबा, औषध उतरलं आहे याची खात्री करा, आणि दोन्ही डोळ्यांचे बाहुलीचे व बुबुळाचे रिफ्लेक्स नसतील तरी एकट्या त्यावर विसंबू नका. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख), स्कॅन, रक्तातली एनएसई तपासणी (मेंदूच्या पेशींना इजा झाली की हे प्रथिन वाढतं), हातापासून मेंदूपर्यंत निरोप पोचतो का याची चाचणी, यांपैकी किमान आणखी एका गोष्टीची साथ हवी. आणि ब्रेन डेथ हा शब्द कुणी सहज वापरला तर घाबरू नका. भारतात त्याला १९९४ चा कायदा आहे, चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, दोन तपासण्यांत सहा तासांचं अंतर लागतं, आणि अंगात झोपेचं औषध असताना तो निर्णय करताच येत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो विषयच नाही.

मग तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं? भांडायला जाऊ नका. त्यांनी रिफ्लेक्स तपासले आणि तुम्हाला सांगितले, हे मला आवडलं. पुष्कळ ठिकाणी "पेशंट सेडेटेड" एवढं लिहून पुढच्या खाटेकडे जातात. त्यांना विचारा की स्नायू लुळे करायचं इंजेक्शन शेवटचं कधी दिलं. मिडाझोलम तासाला किती आणि कधीपासून, आणि मूत्रपिंडांमुळे ते साठत असेल का. झोपेची खोली मोजतात त्या आरएएसएस पट्टीवर वडील कुठे आहेत : उणे पाच म्हणजे कशालाच प्रतिसाद नाही, शून्य म्हणजे जागे आणि शांत. उणे पाच ठेवायची खरंच गरज आहे का? फुफ्फुसं फारच खराब असतील तर असू शकते, आणि मग तेही ऐकून घ्या. गरज नसेल, तर दिवसातून एकदा औषध थांबवून बघता येईल का ते विचारा. २००० साली शिकागोत १२८ रुग्णांवर हे करून बघितलं होतं. रोज औषध थांबवलेले रुग्ण व्हेंटिलेटरवरून ४.९ दिवसांत सुटले, न थांबवलेले ७.३ दिवसांत. औषध उतरूनही खोकला आला नाही, तर मात्र डोक्याचं सीटी करायला हवं. लेप्टोमध्ये प्लेटलेट पडतात, मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो झोपेच्या औषधाआड लपून बसतो. ईईजी आमच्यासारख्या ठिकाणी रात्री-अपरात्री हाताशी नसतो, पण सीटी मिळतं.

डोळ्यांच्या रिफ्लेक्सबद्दल आणखी एक. तो नसेल तर उठल्यावर वडील भ्रमात असतील याची तयारी ठेवा. नळ्या ओढतील, तुम्हाला ओळखणार नाहीत, मेलेल्या भावाशी बोलतील. आमच्याकडे अशा वेळी घरचे देवाला गाऱ्हाणं घालायला धावतात, अंगारा आणतात. पुडी उशीखाली ठेवायला माझी ना नसते, फक्त ती उघडायची नाही आणि ट्यूबजवळ न्यायची नाही. पण खरा उपयोग होतो तो त्यांच्या चष्म्याचा आणि कानातल्या मशीनचा. दोन्ही घरातून मागवून घ्या. मिडाझोलमनेही भ्रम वाढतो, म्हणून जमेल तेव्हा ते डेक्समेडेटोमिडिन या दुसऱ्या झोपेच्या औषधावर बदलता येईल का, हेही विचारून ठेवा. रात्री दिवे बंद, दिवसा खिडकी उघडी. आणि त्यांच्याशी घरी बोलता त्या बोलीत बोला, मुंबईची भाषा नको.

तुम्ही उद्या पोचणार असाल तर सकाळची वेळ साधा. औषध थांबवून तास-दोन तास झाले असतील, तेव्हा सिस्टर सक्शनला येईल आणि तुम्हाला बाहेर जायला सांगेल. "मी कोपऱ्यात उभी राहिले तर चालेल का?" असं विचारा, बऱ्याच सिस्टर हो म्हणतात. मग चेहऱ्याकडे बघू नका. बेंबीजवळची चादर बघा.